प्रयोग दाण्यापर्यंत न्या : क्षारताणाच्या अभ्यासकांना खुले पत्र

प्रति,
पिकांवरील क्षारताणाचा, म्हणजे खारटपणाने पिकावर येणाऱ्या ताणाचा, अभ्यास करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ, त्यांचे विद्यार्थी आणि त्यांचे प्रबंध तपासणारे परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

माती आणि पाण्याचे तपासणी अहवाल वाचून पिकांबद्दल सल्ला देणे हे माझे काम. खारवट जमिनीचा अहवाल घेऊन येणाऱ्या माणसाचा प्रश्न एकच असतो : इथे काय लावू आणि पदरात किती पडेल? त्याचे उत्तर शोधायला मी तुमच्या शोधनिबंधांकडे वळते. ते भरपूर आहेत आणि सतत वाढत आहेत. पण त्यांतल्या फार थोड्यांत दाण्याचे वजन सापडते.

सापडते ते साधारण असे. रोप दोन-तीन आठवड्यांचे झाले की एके सकाळी त्याच्या मुळांशी १५० किंवा २०० मिलिमोलर (मिलिमोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचे माप) सोडियम क्लोराइडचे, म्हणजे साध्या मिठाचे, द्रावण ओतायचे. आठवडाभराने पाने खुडायची. हरितद्रव्य, प्रोलीन (ताणात वाढणारे एक अमिनो आम्ल), पेशीपटलाची गळती, दोन-चार विकरांची (एन्झाइमांची) क्रियाशीलता मोजायची. एका वाणात प्रोलीन जास्त भरले की तो वाण ‘क्षारसहनशील’ ठरवायचा आणि निष्कर्ष लिहायला घ्यायचा. त्या निष्कर्षात जगाच्या अन्नसुरक्षेचा उल्लेख हमखास असतो. कणीस मात्र त्या रोपाला आलेलेच नसते, कारण ते प्रयोगाच्या सातव्या दिवशी ओव्हनमध्ये सुकायला गेलेले असते.

माझी विनंती अशी की प्रयोग कापणीपर्यंत न्या, आणि रोपाला मीठ द्यायचे तर शेत देते तसे द्या. ही विनंती सल्लागाराच्या सोयीसाठी नाही. तुमच्याच विषयाने जे सिद्ध केले आहे, त्यातून ती निघते.

मीठ पिकाला दोन वाटांनी आणि दोन वेगळ्या वेळी गाठते. ऑस्ट्रेलियाच्या राना मन्स यांनी ही दोन टप्प्यांची मांडणी १९९० च्या दशकात केली आणि आज ती पाठ्यपुस्तकात आहे. पहिला टप्पा पाण्याचा. मातीतल्या पाण्यात क्षार विरघळले की ते पाणी ओढून घेणे मुळांना जड जाते. १०० मिलिमोलर मीठ म्हणजे जवळजवळ अर्धा मेगापास्कल जादा ओढ. परिणाम काही मिनिटांत दिसतो. पानाची वाढ थबकते, मग थोडी सावरते, पण पूर्वीचा वेग परत येत नाही. पर्णरंध्रे आवळली जातात. नवी पाने लहान राहतात, फुटवे कमी येतात, बगलेतल्या फांद्या फुटत नाहीत. मुळांची वाढ त्या मानाने कमी घटते. या सगळ्या काळात मीठ रोपाच्या आत फारसे गेलेले नसते. त्रास मुळांच्या बाहेरच्या खारटपणाचा असतो. मिठाऐवजी तेवढ्याच ओढीचे दुसरे एखादे द्रावण मुळांभोवती ठेवले तरी रोप जवळजवळ असेच खुरटेल.

दुसरा टप्पा आत साचलेल्या मिठाचा. पीक जे पाणी ओढते त्यातला अगदी थोडा भाग पानांत राहतो. त्याच्या सुमारे पन्नासपट पाणी पानांवाटे हवेत उडून जाते. पाणी उडाले तरी त्यातले मीठ, किटलीच्या तळाशी क्षार बसावेत तसे, पानातच उरते. म्हणून मुळांनी ९८ टक्के मीठ बाहेर अडवले, तर कुठे पानातली मिठाची तीव्रता मातीतल्या पाण्याइतकी राहते. ९५ टक्केच अडवले तर ती अडीचपट होते. तीन टक्क्यांच्या ढिलाईने एवढा फरक पडतो, आणि वाणावाणांतला भेद नेमका या तीन-चार टक्क्यांतला असतो. सर्वांत जुने पान सर्वांत जास्त दिवस पाणी उडवत असते, त्यामुळे टोकापासून करपायला तेच आधी लागते. पेशीने सोडियम रिक्तिकेत, म्हणजे आपल्या आतल्या साठवणीच्या पिशवीत, कोंडून ठेवले तर ती तग धरते. तेच सोडियम पेशीरसात साधारण १०० मिलिमोलरच्या पुढे गेले की पोटॅशियमची जागा अडवू लागते, आणि पोटॅशियमवाचून न चालणारी पन्नासाहून अधिक विकरे अडखळतात. खाऱ्या दलदलीत सुखाने वाढणाऱ्या वनस्पतींची विकरेही परीक्षानळीत मिठापुढे गव्हाच्या विकरांइतकीच नाजूक ठरतात, हे मला नेहमीच मोठे नवल वाटत आले आहे. त्यांचे बळ मीठ कुठे ठेवायचे या शहाणपणात असते. द्राक्ष, लिंबूवर्गीय फळझाडे आणि सोयाबीन यांच्या बाबतीत तर सोडियमपेक्षा क्लोराइडच आधी त्रास देते. तरीही कित्येक निबंधांत क्लोराइड मोजलेलेच नसते.

उत्पन्नाचा निकाल या दुसऱ्या टप्प्यात लागतो. जुनी पाने मरण्याचा वेग नवी पाने येण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला, की दाणे भरायला पुरेशी साखर करील एवढा हिरवा पसारा झाडावर उरत नाही. हे आठवड्यात घडत नाही. मन्स यांच्या प्रयोगांत गव्हाचे आणि बार्लीचे कणखर आणि नाजूक वाण पहिले काही आठवडे सारखेच खुरटले. ते एकमेकांपासून वेगळे पडले ते नंतर. म्हणजे सात दिवसांचा प्रयोग वाणावाणांतला जो फरक शोधायला निघतो, तो फरक पडण्याच्या आधीच संपलेला असतो.

मग त्या सात दिवसांत जो फरक हाती लागतो तो कशाचा? बऱ्याचदा नुसत्या धक्क्याचा. गोड्या पाण्यातल्या मुळावर एकदम १५० मिलिमोलर द्रावण आले की पेशीतले पाणी बाहेर खेचले जाते, पेशीपटल भित्तिकेपासून सुटते, आणि त्या पडझडीतून जनुकांची एक मोठी फौज जागी होते. त्यांपैकी किती जनुके मिठाशी दीर्घकाळ जुळवून घेण्याची आणि किती नुसत्या पडझडीची, हे वेगळे काढता येत नाही. शेतात मुळांभोवतीचे पाणी एका सकाळीत खारट होत नाही. एका लिटरमध्ये सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी, म्हणजे विद्युत वाहकता (खारटपणा मोजण्याचे नेहमीचे माप) १ डेसीसायमन प्रति मीटर, पुष्कळ पिकांना चालण्यासारखे मानले जाते. पण त्याचे १०० मिलिमीटरचे एक पाणी हेक्टरी ६४० किलो क्षार जमिनीत आणून टाकते. हंगामात असे ५०० मिलिमीटर पाणी दिले तर सव्वातीन टनांच्या आसपास. पाणी पीक पिते, क्षार मागे राहतात, आणि निचरा नसेल तर हंगामागून हंगाम तीव्रता चढत जाते. रोपाला जुळवून घ्यायला वेळ मिळतो, आणि जुळवून घेण्याची ती ताकदच आपल्याला मोजायची आहे. (समुद्राचे पाणी वादळात शेतात घुसले तर मात्र खरोखरच एका रात्रीत सगळे खारट होते. त्या परिस्थितीचा अभ्यास करणाऱ्यांनी जरूर धक्का द्यावा. फक्त निबंधात तसे म्हणावे.)

उपाय तुमच्याच क्षेत्रात रूढ आहे : मीठ रोज २५ किंवा ५० मिलिमोलरच्या पायऱ्यांनी चढवणे. त्याला फार तर एक आठवडा जादा लागतो. त्याबरोबर कॅल्शियमही द्यावे लागते, आणि ते अनेकदा विसरले जाते. पोषकद्रावणात कॅल्शियम तेवढेच ठेवून नुसते सोडियम क्लोराइड वाढवत नेले, तर सोडियम आणि कॅल्शियमचे प्रमाण असे काही बिघडते की रोपाला मिठाबरोबर कॅल्शियमची उपासमारही सोसावी लागते. कोवळ्या पानांची टोके वाळतात, पेशीपटले गळू लागतात, आणि हे सारे ‘क्षारताणाची लक्षणे’ या मथळ्याखाली छापले जाते. बहुतेक खारवट जमिनींत मात्र कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट हे सगळे हजर असतात.

आता मापांबद्दल, कारण तुमचे मिलिमोलर आणि माझे डेसीसायमन यांची गाठ पडत नाही. १० मिलिमोलर मीठ म्हणजे ढोबळमानाने १ डेसीसायमन प्रति मीटर, इथवर सोपे आहे. पण मातीच्या अहवालातला आकडा संपृक्त लगद्याच्या अर्काचा असतो. माती पाण्याने लगदा होईपर्यंत भिजवली, तो रस गाळला आणि त्याची वाहकता मोजली. शेत वाफशावर असते तेव्हा मातीत त्याच्या निम्मेच पाणी असते, म्हणून मुळांना भेटणारा खारटपणा अहवालाच्या सुमारे दुप्पट. माती सुकत सुकत पीक माना टाकण्याच्या स्थितीला आली की आणखी दुप्पट. अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये खारवट जमिनीची सीमा ४ डेसीसायमन अशी आखली आणि ती अजून चालते. अर्कात त्याचे ४० मिलिमोलर होतात, वाफशाला ८०, आणि पाण्याची पाळी लांबली तर त्याहूनही बरेच जास्त. म्हणजे शेतातले मीठ एकाच पाण्याच्या पाळीत वरखाली होत असते. याउलट तुमच्या कुंडीत रोज १५० मिलिमोलरचे पाणी पडते. तळातून भरपूर निचरा होत असेल तर मुळांभोवती १५० च्या आसपास राहील. निचरा नसेल तर आठवड्याच्या शेवटी ते ३०० झाले की ४००, हे कोणीच मोजलेले नसते. प्रबंधात लिहिलेला आकडा बाटलीतल्या द्रावणाचा असतो, रोपाने सोसलेला नसतो. मला तो सोसलेला आकडा हवा आहे. एक छोटे वाहकतामापक आणि आठवड्यातून एकदा थोडा मातीचा रस, याहून जास्त खर्च त्याला नाही.

आणि सगळी क्षारबाधित जमीन मिठाची नसते. चोपण जमिनीत, जिथे विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेले, सोडियम १५ टक्क्यांवर आणि सामू (पीएच) ८.५ च्या वर असतो, वाहकता कमीही असू शकते. तिथे पिकाला मारते ती मातीची बिघडलेली घडण. कण विखुरतात, पाणी मुरत नाही, हवा जात नाही, वरचा थर दगडासारखा होतो, जस्त आणि लोह असूनही मिळत नाही. अशा जमिनीत जिप्सम टाकून कॅल्शियमने सोडियमला कणांवरून हाकलावे लागते आणि मग ते पाण्याबरोबर खाली घालवावे लागते. सोडियम क्लोराइडच्या कुंडीत जिंकलेला वाण तिथे काय करील, याचे अनुमान त्या कुंडीवरून काढता येत नाही.

पाणी तुंबणे हा आणखी एक विषय, जो मला तुमच्या प्रयोगांत जवळजवळ भेटत नाही. शेतात खारटपणा आणि वर आलेली भूजलपातळी बहुधा जोडीने येतात. मीठ बाहेर अडवणे हे मुळांचे कष्टाचे काम आहे. त्याला ऊर्जा लागते, ऊर्जेला प्राणवायू लागतो. तुंबलेल्या पाण्यात प्राणवायू संपला की ९८ टक्क्यांचा पहारा ढिला पडतो आणि शेंड्याकडे जाणारे सोडियम वाढते. जे पीक नुसते मीठ सोसते आणि नुसते तुंबलेले पाणीही सोसते, ते दोन्ही एकदम आल्यावर आडवे होऊ शकते. छान हवेशीर वाळूत केलेला प्रयोग याबद्दल काहीच सांगत नाही.

अवस्थेचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबते. भाताकडे बघा. उगवताना तो मिठाला सहसा दाद देत नाही. कोवळे रोप झाले की नाजूक होतो. फुटव्यांच्या काळात पुन्हा कणखर, आणि पोटरीत आल्यापासून फुलोऱ्यापर्यंत पुन्हा नाजूक. या शेवटच्या काळात मिठाने परागकण निकामी होतात, लोंब्या दिसायला भरघोस पण हातात घेतल्या तर पोचट. रोपावस्थेतली सहनशीलता आणि फुलोऱ्यातली सहनशीलता बऱ्याच अंशी एकमेकींवर अवलंबून नाहीत. केरळच्या किनाऱ्यावरच्या पोक्कली भातातून मिळालेला ‘सॉल्टॉल’ हा पहिल्या गुणसूत्रावरचा पट्टा जगभर वापरला गेला, आणि तो खरोखर मोलाचा आहे. पण त्याचे काम मुख्यतः रोपावस्थेतले आहे. तो वाणात आणला म्हणजे फुलोऱ्याची काळजी मिटली असे नाही. साखरबीट याच्या अगदी उलट. मोठे झालेले बीट ७ डेसीसायमनपर्यंत उत्पन्न घटू देत नाही, पण उगवणीच्या वेळी ३ च्या वर गेले की वाफ्यात खाडे पडू लागतात. गव्हाच्या ओंबीत कणिशके किती येणार हे ओंबी डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी, शेंड्यातल्या शेंड्यात ठरून गेलेले असते. त्या थोड्या दिवसांत मीठ चढले तर ओंबीच आखूड होते आणि नंतर कितीही गोडे पाणी दिले तरी ती लांबत नाही.

असे असताना पेट्री डिशमध्ये बी भिजवून काढलेल्या उगवणीच्या टक्केवारीवर वाणांची क्रमवारी लावणे, आणि ती उत्पन्नाची क्रमवारी म्हणून मांडणे, हे मला अजूनही समजत नाही. परीक्षक ते कसे मान्य करतात, हे तर मुळीच समजत नाही.

‘दाणे नाहीत, पण कोरड्या पाल्याचे वजन आहे ना,’ असे उत्तर मिळते. ते पुरत नाही. गहू, बार्ली, कापूस यांत मध्यम खारटपणाला पाला जेवढा घटतो, तेवढा दाणा किंवा सरकी-कापूस घटत नाही. झाड ठेंगणे राहते आणि तरी उत्पन्न बरेचसे टिकते. भातात उलटे : पेंढा बरा दिसतो आणि दाणा जातो. कंदवर्गीय पिकांत वरचा पाला टिकून खालचा कंद बारीक होऊ शकतो. टोमॅटोत तर फळ लहान होते, पण गोडी वाढते, आणि कॅल्शियम कमी पडले तर फळाचे बूड काळे पडते. या पिकांत पाल्यावरून दाण्याचा अंदाज बांधला तर एका ठिकाणी मी चांगला वाण टाकून देईन आणि दुसऱ्या ठिकाणी वाईट वाणाची शिफारस करीन.

मी आजही ज्या तक्त्यावर अवलंबून आहे तो १९७७ चा आहे. मास आणि हॉफमन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तोवरचे प्रयोग एकत्र करून प्रत्येक पिकाला दोन आकडे दिले : कुठपर्यंत उत्पन्न घटत नाही ती मर्यादा, आणि तिच्यापुढे दर डेसीसायमनला किती टक्के घट. बार्लीला ८ आणि ५ टक्के. गव्हाला ६ आणि ७.१. भाताला ३ आणि १२. मक्याला १.७ आणि १२. घेवड्याला १ आणि १९. अर्काची वाहकता ४ असेल तर बार्लीचे काही बिघडत नाही, मक्याचे सुमारे २८ टक्के आणि घेवड्याचे ५७ टक्के उत्पन्न जाते. हा हिशेब मी मिनिटभरात करून देऊ शकते. ‘खारवट नाही’ असा शिक्का बसलेल्या ३ च्या जमिनीतही घेवडा ३८ टक्के मार खातो, हे या दोन आकड्यांमुळेच सांगता येते. जमीन ‘खारवट आहे की नाही’ असे विचारण्याला मग अर्थच उरत नाही. विचारायचे ते कोणत्या पिकाला आणि किती.

तक्त्याच्या मर्यादाही मला ठाऊक आहेत. मूळ प्रयोगांत बहुधा रोपे नीट लागल्यावर मीठ दिले होते, मुळांच्या सगळ्या थरात ते शक्य तितके सारखे ठेवले होते आणि पाण्याची ददात नव्हती. उष्ण, कोरड्या हवेत त्याच वाहकतेला नुकसान जास्त होते, दमट हवेत कमी. जिप्समयुक्त जमिनीत पिके अर्काच्या आकड्याहून सुमारे २ डेसीसायमन जास्त सोसतात. वाण बदलले आहेत. म्हणूनच तर मला नवे आकडे हवेत. १९७७ नंतर तुम्ही जेवढी रोपे मिठात घातलीत, त्यांतली काही टक्केच कापणीपर्यंत जगू दिली असती, तरी हा तक्ता वाणनिहाय आणि अवस्थानिहाय झाला असता.

सहनशीलता टक्क्यांत सांगण्याची तुमची रीतही एकदा तपासून बघा. खाऱ्या जमिनीतले उत्पन्न भागिले गोड्या जमिनीतले उत्पन्न, हा आकडा शरीरक्रियेच्या अभ्यासाला ठीक आहे. पण गोड्या जमिनीत हेक्टरी २ टन देणारा वाण खाऱ्यात ८० टक्के टिकला, आणि ५ टन देणारा ५० टक्केच टिकला, तर तुमच्या तक्त्यात पहिला वाण जिंकतो आणि खळ्यावर दुसरा : १.६ टन विरुद्ध २.५ टन. ऑस्ट्रेलियाच्या आर. ए. रिचर्ड्स यांनी १९८३ मध्ये याच दिशेचा, पण आणखी टोकाचा प्रश्न विचारला होता. खारवट शेत कधीच सगळीकडे सारखे खारवट नसते. पावलापावलावर वाहकता बदलते, आणि त्या शेतातले बहुतेक धान्य त्याच्या सर्वांत कमी खाऱ्या तुकड्यांतून येते. मग वाणाची निवड मिठावर करायची की सरळ जास्त उत्पन्नावर? त्यांचा कौल जास्त उत्पन्नाकडे होता. तो सर्वत्र लागू पडतो असे मी म्हणत नाही. फार खाऱ्या जमिनीत तो पडणार नाही. पण चाळीस वर्षे उलटली तरी त्याला प्रतिवाद करायचा तर लागणारे साहित्य, म्हणजे दोन्ही जमिनींतले किलोग्रॅमचे खरे आकडे, निबंधांतून क्वचितच मिळते. कृपया भागाकार करण्याआधीचे दोन्ही आकडे छापा.

हे सगळे अशक्य कोटीतले नाही. मन्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेले काम समोर ठेवते. एकबीजी गहू, म्हणजे ट्रिटिकम मोनोकॉकम, या गव्हाच्या जुन्या नातेवाइकातून सोडियम मुळांतच अडवणारे जनुक त्यांनी साध्या संकराने ड्युरम गव्हात आणले. जलवाहिनीतून वर चाललेले सोडियम ते पुन्हा मुळांच्या पेशीत ओढून घेते. त्यांनी तो गहू शेतात, खऱ्या खारवट जमिनीत पेरला, कापला आणि मळला. जास्त खाऱ्या भागात त्या जनुकाने दाण्याचे उत्पन्न २५ टक्क्यांनी वाढवले, आणि चांगल्या जमिनीत त्याची किंमत मोजावी लागली नाही. एका जनुकाचे काम पेशीपासून दाण्याच्या पोत्यापर्यंत सलग दाखवणारी अशी उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. याच्या शेजारी २००१ चा टोमॅटो ठेवा. रिक्तिकेत सोडियम कोंडणारा पंप वाढवलेले ते झाड २०० मिलिमोलर मिठात वाढले, त्याला फळेही धरली. जगभर त्याची चर्चा झाली. शेतात पिकवला जाणारा वाण मात्र त्यातून आला नाही. त्या प्रयोगाला मी कमी लेखत नाही, यंत्रणा समजायला त्याने फार मदत केली. पण ‘यंत्रणा समजली’ आणि ‘पीक मिळाले’ यांमध्ये मोठे अंतर आहे, आणि ते पार करायला दुसऱ्या कोणी यावे अशी वाट बघण्यात पाव शतक गेले.

प्रोलीनबद्दल एवढेच : ते ताण सोसणाऱ्या रोपात वाढते आणि ताणाने मरू घातलेल्या रोपातही वाढते. नुसत्या त्याच्या आकड्यावरून या दोघांत भेद करता येत नाही.

खर्च आणि वेळ हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. पीएच.डी.ची मुदत ठरलेली, शेतातला एक हंगाम पावसाने वाया जाऊ शकतो, आणि आठवड्याच्या प्रयोगातून दोन निबंध निघतात. म्हणूनच हे पत्र परीक्षकांनाही आहे. उमेदवाराला शेत नसेल तर मोठ्या कुंडीत, निदान २० लिटर मातीत, खाली निचरा ठेवून, मीठ पायरीने चढवून पीक पक्व करता येते. ते शेत नव्हे, पण दाणा तरी येतो. तोंडी परीक्षेत एवढेच विचारा : मुळांभोवतीची वाहकता सुरुवातीला, फुलोऱ्यात आणि शेवटी किती होती? कॅल्शियम किती होते? दाणे किती भरले? या प्रश्नांना उत्तरे नसलेल्या प्रबंधाच्या शीर्षकात ‘उत्पन्न’ हा शब्द राहू देऊ नका. विकर मोजणारा प्रबंध विकरांवरचा म्हणून मान्य करा. त्यात काही कमीपणा नाही.

आणखी एक काळजी. ‘क्षारसहनशील’ हे लेबल बियाण्याच्या पिशवीवर चढले की निचऱ्याचा खर्च पुढे ढकलायला ते निमित्त होते. कोणताही वाण जमिनीतले मीठ कमी करत नाही. भूजल वर येत असेल तर कणखर वाण काही हंगाम मिळवून देतो, आणि त्या हंगामांत चर खणायचे असतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२४ मध्ये जगातली क्षारबाधित जमीन सुमारे १३८ कोटी हेक्टर, म्हणजे एकूण भूभागाच्या १०.७ टक्के इतकी सांगितली. तुमच्या प्रस्तावनांत हा आकडा आता सगळीकडे येईल. त्याच्या खाली, वाण किती मिठापर्यंत आणि कोणत्या अवस्थेत टिकतो, त्यापुढे निचऱ्याला पर्याय का नाही, हेही लिहीत जा.

शेवटी एक मागणी, जिला नवा प्रयोग लागत नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या कपाटांत शेतप्रयोगांच्या जुन्या नोंदी असतील : वाणांत फरक आला नाही म्हणून, किंवा कुंडीत जिंकलेला वाण शेतात हरला म्हणून, न छापलेल्या. प्लॉटनिहाय वाहकता आणि प्लॉटनिहाय दाण्याचे वजन, एवढे दोन रकाने असले तरी त्या खुल्या करा. कुंडीतली क्रमवारी शेतात कोणकोणत्या पिकांत टिकते आणि कोणत्या पिकांत कोसळते, हे त्या फसलेल्या प्रयोगांतूनच कळेल, आणि माझ्याकडे येणाऱ्या माणसाला कोणता वाण लावू नको हे तरी मला खात्रीने सांगता येईल.

आपली,
माती-पाण्याचे अहवाल वाचणारी एक सल्लागार